ग्राइंडर नको, सोड्याचं पाणी

मे महिन्याच्या शेवटी आमच्या दारव्ह्याकडे वेल्डिंगच्या दुकानात डवरे-वखरांचीच गर्दी असते. त्या गर्दीत एक कॉलेजचा पोरगा पोत्यात गुंडाळून गंजलेला वाइस, म्हणजे काम घट्ट धरायचा शिकंजा, घेऊन आला. वडील सुतार होते. ते गेल्यावर वाइस पडक्या कोठ्यात पावसात भिजत पडलेला.

“भाऊ, ग्राइंडर मारून द्या न.”

“नाही रे बाबू. ग्राइंडर गंजासोबत चांगलं लोखंडही खाते. स्क्रूचे आटे गेले तर हा वाइस कायले कामाचा?”

डिझेल टाकून, गरम करून स्क्रू सोडवला आणि विजेने गंज काढायला सुटे भाग प्लास्टिकच्या ड्रमात टांगले. पाण्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, कडेने सळईचे तुकडे. बारा व्होल्टचा जुना बॅटरी चार्जर घेतला. नवे ऑटोमॅटिक चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय बहुधा सुरूच होत नाहीत. काळा चिमटा, म्हणजे निगेटिव्ह, वाइसला, लाल सळयांना. हे उलटं झालं तर वाइसच झिजतो.

पोराने मोबाइलवर पाहिलेलं. म्हणाला, “सळई गंजते, मी घरून स्टीलचं ताट आणतो.” तिथं मी त्याला ठाम अडवलं. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम या पाण्यात विषारी रूपात उतरू शकतं, आणि ड्रम शेवटी रिकामा होणार तो ढोरं पाणी पितात त्या नालीकडेच. मीठही घालायचं नाही, त्याने क्लोरीन वायू सुटतो. साध्या सोड्यातही हायड्रोजन निघतोच, म्हणून ड्रम बाहेर निंबाखाली ठेवला आणि बिडीवाल्यांना लांब बसवलं.

लाइन गेली तेवढा वेळ सोडला तर बुडबुडे रात्रभर चालले. सळयांवर तांबडा चिखल चढला. सळईसमोरची बाजू लवकर सुटते, आडोशाची मागे राहते, म्हणून मधे भाग फिरवले.

सकाळी तारेच्या ब्रशने काळा थर पुसला. आटे एकेक सुटे, कडा शाबूत. जबड्याच्या दातांत बोट फिरवलं तर अजून टोचत होतं. एका कडेला छिन्नीने कोरलेलं अक्षर निघालं. पोरगा म्हणाला, “बाबांनी कोरलंय.” माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ओलं लोखंड थांबत नाही, पाहता पाहता पुन्हा तांबूस पडतं. लगेच वाळवून तेल चोपडलं.

मग तो म्हणाला, “कानशी अन् पटाशाही आणू?”

आण म्हटलं, पण ड्रमात नाही टाकणार. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं. त्या रॉकेल अन् ब्रशनेच घासू.