बोर्ड गेला म्हणाले, गेला होता एसएमपीएस

दिवाळी झाली आणि अण्णांच्या कॉम्प्युटरने मान टाकली. बटण दाबलं की सीपीयूवरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. बीप नाही, स्क्रीनवर काही नाही. सोसायटीचे सगळे हिशोब त्यात, त्यामुळे घरात सुतकी शांतता.

कोथरूडमधल्या एका दुकानात नेला. त्यांनी कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "काका, मदरबोर्ड गेला. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर आहे, याला बोर्ड कुठून आणणार? नवीनच घ्या. तसाही विंडोज १० चा सपोर्ट संपलाय." सपोर्टचं खरं होतं, मायक्रोसॉफ्टने तो १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. पण पंखा हलून थांबतोय एवढ्यावरून बोर्ड गेला असं कसं म्हणायचं? कॅबिनेट उचललं आणि घरी आणलं.

आधी हार्ड डिस्क काढली. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला १२ व्होल्ट वेगळे लागतात. भाच्याकडे अडॅप्टरवाला डॉक (बाहेरून डिस्क जोडायचा स्टँड) होता, तो लावून लॅपटॉपवर हिशोब उतरवून घेतले. अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट चहा घेतला.

मग रॅम. काढून सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या, परत बसवली. पुण्यातला प्रत्येक कॉम्प्युटरवाला हे पहिलं करतो आणि बऱ्याचदा त्यावर भागतंही. आमचं भागलं नाही.

उरला एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज कमी व्होल्टची करून बोर्डाला देणारा डबा. २४ पिनांचा प्लग बोर्डातून काढायचा, हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडायची. पंखा फिरला की एसएमपीएस चांगला, असं सर्रास सांगतात. आमचा फिरला. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला १२ च्या किंचित वर व्होल्टही दाखवले. इथेच लोक फसतात आणि बोर्ड बदलतात. क्लिप लावून फिरणाऱ्या एसएमपीएसवर लोड, म्हणजे वीज ओढणारा भार, जवळपास शून्य असतो. खरी परीक्षा बोर्ड जोडल्यावर. म्हणून सगळं परत जोडलं, मल्टिमीटरच्या काड्या मोकळ्या चार पिनांच्या प्लगमध्ये पिवळ्या-काळ्यावर खुपसल्या आणि अण्णांना बटण दाबायला सांगितलं. आकडे इतके भरभर बदलले की धड वाचता येईनात, पण १२ च्या जवळपास एकदाही गेले नाहीत. चालायला हवेत ११.४ ते १२.६.

मागच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत दोन कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली, एकावर तपकिरी चिकटा. अण्णा म्हणाले, "उघड ना, दोनच तर बदलायचेत!" नाही उघडला. एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. गाडी लावायला जागा मिळणं हे वेगळं प्रकरण. तिथे ४५० वॅट लिहिलेले एसएमपीएस स्वस्तात ढिगाने मिळतात. डब्यावरचे वॅट सोडा, लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपियर किती ते बघा. ३० असतील तर ३६० वॅट झाले. १४-१५ असतील तर ४५० हा आकडा शोभेचा. दोन हजारांच्या आसपास ठीकसा मिळाला.

जोडला, बटण दाबलं, पंखा फिरतच राहिला. स्क्रीनवर मात्र तारीख-वेळ चुकीची असल्याचा मेसेज, आणि एफ१ दाबून पुढे गेलो तर विंडोजचा निळा पडदा: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. अण्णा परत हवालदिल. बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, मोजला तर ३ च्या जागी सव्वादोन व्होल्ट. तो उतरला की बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची, सेटिंग मूळ पदावर जातात. आमच्या बोर्डात साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला होता. नवा सेल घातला, मोड परत एएचसीआय केला, विंडोज उघडलं.

भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तर घड्याळाला एसएमपीएसकडूनच वीज मिळते आणि सेल जास्त टिकतो. हे अण्णांना समजावून सांगितलं. ते अजूनही रात्री झोपताना बटण बंद करतात. सेल फार महाग नाही, मी वाद घालत नाही.