जुनी विलायती दोनाळी घेताना

बंदूक घ्यायची म्हटली की आपल्याकडे सगळी चौकशी घेणाऱ्याची होते. गुन्हे आहेत का, शेती किती, आयकर भरता का, शस्त्र कशाला हवं. बंदुकीची चौकशी मात्र परवान्यावरच्या एका ओळीत संपते: कोणत्या कंपनीची, बोअर (म्हणजे नाळीचा व्यास), नंबर. ही ओळ वर्षानुवर्षं एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत जाते. ती उतरवताना लोखंडावरचा आकडा कुणी भिंग लावून वाचला असेल, अशी खात्री मला तरी नाही. जुनी, संग्रहात ठेवण्याजोगी बंदूक घेणारा फसतो तो इथेच.

मी कोल्हापूरकडचा. परवाना जुना आहे, शिकारीशी संबंध नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच मिटला. मला या बंदुकांची कारागिरी आवडते, आणि अधूनमधून रेंजवर मातीच्या तबकड्या फोडायला. परदेशी बंदुकांची खासगी आयात ऐंशीच्या दशकापासून जवळजवळ बंदच आहे. त्यामुळे ग्रीनर, वेब्ली अँड स्कॉट, वेस्टली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या दोनाळ्या मिळतात त्या संस्थानिकांच्या, इनामदारांच्या, जुन्या वकील-डॉक्टरांच्या घरांतूनच. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली, तीही वारशाने आलेली धरून. तिसरं वर्षभरात जमा करायचं किंवा विकायचं होतं. साहजिकच बऱ्याच बंदुका बाजारात आल्या, आणि त्यांच्या मागोमाग मध्यस्थही आले.

पहिली बंदूक अशाच एका मध्यस्थाने दाखवली. वेब्लीची बारा बोअर, ‘राजघराण्यातली’. (कोल्हापूर भागात प्रत्येक जुनी वस्तू राजघराण्यातलीच असते, त्यामुळे ते मी मनावर घेत नाही.) किंमत ऐकून मात्र सावध झालो. विलायती बॉक्सलॉक (घोडे आत लपलेली बंदूक) इतकी स्वस्त कुणी देत नाही, आणि दिली तर रोखच पाहिजेत म्हणून अडून बसत नाही. मालकाचा परवाना परराज्यातला. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात अडीच लाखांहून जास्त परवाने गैरमार्गाने दिले गेल्याच्या आरोपांचा तपास सीबीआयकडे गेला, तेव्हापासून परराज्यातलं परवान्याचं पुस्तक समोर आलं की मी ते दोनदा उलटून बघतो.

तरी बंदूक पाहायला गेलोच. अशा बंदुकीवर नंबर एका जागी नसतो. ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) मागच्या पट्टीवर असतो, नाळी उतरवल्या की त्यांच्या सपाट बुडाशी प्रूफ हाऊसच्या (नाळी तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेच्या) शिक्क्यांजवळ असतो, आणि नाळींखालचं पुढचं लाकूड काढलं की त्याच्या आतल्या लोखंडावर असतो. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. केरोसीनमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश फिरवला, मोबाईलचा उजेड तिरका धरला. नाळीवर एक नंबर, पुढच्या लाकडाखाली दुसराच. एवढ्यावरून चोरी ठरत नाही. शंभर वर्षांत कुणीतरी लाकूड बदललं असेल. पण ट्रिगर गार्डच्या पट्टीवर नंबराच्या जागी धातू किंचित खोलगट होता, आणि कडेची नक्षी त्या खोलगटात शिरता शिरता तुटत होती. कानशीशिवाय असं होत नाही. मध्यस्थ म्हणाला, “घासून घासून झिजलंय साहेब.” घासल्याने नक्षी झिजली असती तर सगळीकडे सारखी झिजली असती. मी नाळी पुन्हा बसवल्या, चहा घेतला आणि निघालो.

वकील मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याने कायदा उलगडून सांगितला. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि अशी खूण नसलेली बंदूक विकणंही बेकायदा आहे. चोरीचा माल घेण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 317 आहे. त्यात ‘माहीत असूनच’ एवढंच नाही, तर ‘तसं मानायला कारण असूनही’ घेणं येतं. कानस लागलेला नंबर हे चांगलंच कारण आहे. आणि समजा तुम्ही खरोखरच अजाण होतात, तरी 1930 च्या वस्तुविक्री कायद्याप्रमाणे चोराकडून घेतलेल्या मालाची मालकी साधारणपणे तुमच्याकडे येतच नाही. पोलीस बंदूक जप्त करणार, ती मुद्देमालात पडणार, तुम्ही कोर्टाच्या तारखा मोजणार आणि पैसे विकणाऱ्याकडून वसूल करत फिरणार. गुंठाभर जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार मागे जाऊन जाऊन काढतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र ‘चांगलं घर आहे’ एवढ्यावर भागवतो.

पुढे सातारा जिल्ह्यातल्या एका घरातली वेस्टली रिचर्ड्स कळली. अ‍ॅन्सन आणि डीली यांनी 1875 साली याच कंपनीत घोडे आत लपवणारी जी रचना काढली, तीच या बंदुकीत. वडील वारले होते, मुलांपैकी कुणाकडे परवाना नव्हता, म्हणून बंदूक डीलरकडे जमा. हा मार्ग कायदेशीर आहे. कलम 21 प्रमाणे वारसांनी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे शस्त्र ठेवायचं, आणि ठरलेल्या मुदतीत परवानाधारकाला विकता येतं. मुदत उलटून गेली तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात, म्हणून आधी डीलरच्या रजिस्टरमधली जमा तारीख पाहिली.

तिन्ही नंबर एकमेकांशी जुळले. परवान्याशी जुळेनात. लोखंडावर 8 होता तिथे परवान्यावर 3. धाकटा मुलगा म्हणाला, “कारकुनाची चूक असेल.” असेलही, पण त्याच जागी दुसरीही शक्यता असते, की कागद एका बंदुकीचा आणि हातात दुसरीच. सगळ्यात वाईट म्हणजे अशा वेळी पोलिसांकडे फक्त कागदावरचा नंबर तपासायला दिला तर उत्तर स्वच्छ येतं. म्हणून मी दोन्ही नंबर फोटोंसकट अर्जात लिहिले आणि चोरीच्या नोंदींत पाहावं अशी विनंती केली. चोरीला गेलेल्या बंदुकांची यादी आपल्याला घरबसल्या उघडून बघता येत नाही, ते काम पोलिसांच्याच हातात. तोंडी “काही नाही” लवकर मिळालं. लेखी मिळायला चिकाटी लागली.

दरम्यान बर्मिंगहॅमला कंपनीकडे ईमेल केला. बऱ्याच जुन्या इंग्लिश बंदूककारांच्या वह्या अजून शाबूत असतात, आणि नंबर दिला की ती बंदूक कशी बांधली हे ते काढून देतात. उत्तर आलं: 8 असलेला नंबर बारा बोअर, अठ्ठावीस इंची नाळी, हिंदुस्थानात पाठवलेली. 3 असलेल्या नंबरला त्यांच्या वहीत चक्क रायफल निघाली. पाठोपाठ घरच्या ट्रंकेत साठच्या दशकातला मूळ परवाना सापडला, त्यावर स्वच्छ 8. नूतनीकरणाच्या वेळी नवं पुस्तक लिहिताना 8 चा 3 झाला होता आणि पुढे प्रत्येकाने 3 च उतरवला. ही कागदपत्रं लावून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतून नोंद दुरुस्त करून घेतली. मधेच निवडणूक लागली. सगळी शाखा त्या कामाला, आणि माझी स्वतःची जुनी बंदूकही नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा.

वारसांची गोष्ट वेगळीच. विकणारा धाकटा, थोरला कॅनडात, आणि एक बहीण इस्लामपूरला. थोरल्याचं संमतिपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं. बहिणीचं नाव मात्र कागदात कुठेच नव्हतं. “ताईची काही हरकत नाही,” असं मला सांगण्यात आलं. हे वाक्य मालमत्तेच्या व्यवहारात मी इतक्यांदा ऐकलंय की थेट ताईंच्याच घरी गेलो. त्यांना विक्रीची कल्पनाच नव्हती. “बाबा खंडेनवमीला तिची पूजा करायचे,” त्या म्हणाल्या. “विका की, पण मला विचारून विका!” एकाने परस्पर विकलेली बंदूक बाकीच्या भावंडांच्या दृष्टीने चोरीचीच असते, आणि त्यांच्यापैकी एकाने ठाण्यात अर्ज दिला की घेणारा अडकतो. ताईंनी पुढे प्रतिज्ञापत्रावर सही केली, भावाशी मात्र त्या बराच काळ बोलत नव्हत्या असं कळलं.

मग कलम 5 प्रमाणे विक्रीची लेखी सूचना माझ्या नाव-पत्त्यासह गेली. त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं असतं. मध्यस्थ लोक ‘आत्ता उचला, कागद नंतर’ म्हणतात ते नेमकं हेच टाळायला. मी पैसे बँकेतूनच दिले, आणि पावतीवर तिन्ही ठिकाणचे नंबर पूर्ण लिहून घेतले. चोरीची निघाल्यास रक्कम परत, अशी ओळही घातली. धाकट्याला ती थोडी लागली. ताईंनी मात्र ती वाचून “बरोबर आहे” म्हटलं.

माझ्या परवान्यावर नोंद झाली, बंदूक घरी आली. तिच्या चेंबर (काडतूस बसतं त्या पोकळ्या) जुन्या अडीच इंची आहेत, म्हणून डब्यावरची लांबी वाचल्याशिवाय काडतूस घेत नाही. वेब्लीवाला मध्यस्थ अजून फोन करतो, दर वेळी नवं राजघराणं घेऊन. मी पुढचं लाकूड काढून आतल्या नंबराचा फोटो पाठवायला सांगतो. फोटो अजून एकही आलेला नाही.