फोलिओतला (म्युच्युअल फंड खात्यातला) मोबाईल नंबर कोणाचा?

आज दिवसभर जुनी म्युच्युअल फंड स्टेटमेंटं चाळत होतो. एक गोष्ट परत परत दिसली: नाव काकांचं, पण मोबाईल आणि ईमेल एजंटचा! मग ओटीपी त्याच्याकडे, पैसे काढल्याचा मेसेजही त्याच्याकडेच. हेतू चांगला असेलही, पण घरच्यांना एकदा कळलं की विश्वास संपला. फंड विकण्याच्या धंद्यात असाल तर आधी हे दुरुस्त करा आणि एकत्रित स्टेटमेंट थेट ग्राहकाच्या ईमेलवर जाऊ द्या.

दुसरं म्हणजे कमिशन. सहामाही स्टेटमेंटमध्ये ते रुपयांत छापलेलं असतं, लपवून काय मिळणार? दहा लाखांवर एक टक्का ट्रेल (पैसे गुंतलेले असेपर्यंत दरवर्षी मिळणारं कमिशन) म्हणजे वर्षाला साधारण दहा हजार, हे पहिल्याच भेटीत सांगावं. एजंटशिवाय, विनाकमिशन घेता येणारा डायरेक्ट प्लॅन असतो, हेही. चारातला एखादा तिकडे जाईल, जाऊ दे.

एआरएनवाला (फंड विकण्याचा नोंदणी क्रमांक असलेला) वितरक स्वतःला ‘सल्लागार’ म्हणवू शकत नाही. त्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागते, तिचा नंबर आयएनए पासून सुरू होतो. व्हिजिटिंग कार्ड तपासा बरं एकदा.

कोऱ्या फॉर्मवर सही घेऊच नका, ‘नंतर भरतो’ म्हणूनही नाही. चेक योजनेच्या नावानेच.

आणि परतावा दाखवताना एसआयपीला एक्सआयआरआर (प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक परतावा) वापरा. ‘पाच वर्षांत साठ टक्के’ हे ऐकायला झकास वाटतं, पण ग्राहकाचा सीए भाचा दोन मिनिटांत हिशोब उलगडतो.