ओलं केल्याशिवाय पीस कळत नाही

काल रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि मासे पकडायचे पिसांचे सहा जिग बांधले, त्यातले दोन मनासारखे जमले म्हणून हे लिहितोय.

जिग म्हणजे काय तर गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापाशी, ओतलेलं शिशाचं डोकं आणि मागे शेपटी. बाजारात रबराच्या शेपट्या ढिगाने मिळतात आणि त्यांनीही मासे लागतात, पण पिसाची गोष्टच वेगळी. रबराची शेपटी बहुतेक तुम्ही रील फिरवून दोरी ओढली की हलते. मॅराबू नावाचं मऊ पीस मात्र जिग पाण्यात नुसता लटकत असला तरी हलत राहतं, श्वास घेतल्यासारखं. पाणी गार असतं आणि मासा आळसावलेला असतो ना, तेव्हा हा फरक खूप मोठा असतो.

मॅराबू हे नाव आफ्रिकेतल्या एका करकोच्यावरून आलंय, त्याची पिसं पूर्वी वापरायचे, आता त्या नावाने जे मिळतं ते टर्कीचं मऊ पीस असतं. कडक पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांना धरून असतात, मॅराबूच्या तंतूंना ते आकडे जवळपास नसतातच, म्हणून प्रत्येक तंतू सुटा सुटा हलतो. कोंबड्याच्या मानेचं पीस याच्या उलट, ताठ आणि आकार न सोडणारं. ते मी शेपटीला लावत नाही, डोक्यामागे कॉलरसारखं दोन-तीन वेढे देतो. कोंबडीचं पीस मऊ असतं, पाणी शोषतं आणि मागे झुकतं, मला कॉलरला तेच जास्त आवडायला लागलंय.

बांधताना पहिलं काम म्हणजे गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याचा थर द्यायचा. गुळगुळीत तारेवर थेट पीस बांधलं तर ते गळ दोन-चार वेळा पाण्यात फेकला की गोल फिरतं आणि सगळी शेपटी एका बाजूला येते. मग बोटं ओली करून पिसाचं टोक चोळायचं, ते बारीक कुंचल्यासारखं होतं, ते दांडीच्या साधारण दीडपट लांबीवर धरायचं, दोन वेढे सैल आणि तिसरा ओढून. पहिलाच वेढा ओढला तर पीस पलीकडे सरकतं. लांबी जास्त वाटली तर कात्री नको, नखाने चिमटून तोडा, कात्रीने टोक ब्रशसारखं सपाट होतं आणि ते पाण्यात मेल्यासारखं दिसतं. आणि दोरा गळाच्या टोकाला घासू देऊ नका, अगदी शेवटच्या गाठीला तुटतो आणि सगळं सुटतं, काल दोनदा झालं माझं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पीस जास्त घातल्यामुळे. सुकं मॅराबू एवढं फुगतं की वाटतं छान भरगच्च झालंय, पण १.८ ग्रॅमच्या डोक्याला ते छत्रीसारखं अडवतं, जिग खाली जातच नाही, आणि मासा नुसती शेपटी ओढून सोडून देतो. म्हणून मी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवतो. जिग त्यात बुडवायचा, वर काढायचा. ओला झाल्यावर जो बारीक आकार उरतो तोच माशाला दिसणार आहे.

शेवटी गाठीवर नेलपॉलिशचा एकच थेंब, सुईच्या टोकाने. जास्त झालं की ते पिसात शिरतं आणि मुळाशी कडक होतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, मधे काही खायचं नाही. पिसं कुठून घेता तेही बघा, रानपक्ष्यांची पिसं बऱ्याच देशांत नुसती जवळ ठेवणंही गुन्हा आहे, पाळीव कोंबड्यांची आणि टर्कीची आपल्याला पुरतात. नवीन पिसं आली की साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो, नाहीतर कसर लागली की अख्खा डबा जातो.

जमलेले दोन्ही जिग ऑलिव्ह रंगाचे आहेत, सध्या ग्लासाशेजारी वाळतायत. ओले डब्यात टाकले तर गळ गंजतो, म्हणून सकाळपर्यंत हात लावणार नाहीये.