मूळच्या कुठल्या?

“मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?”
“माझगावच्या.”
“नाही हो, म्हणजे मूळच्या?”
“डॉकयार्ड स्टेशनच्या मागे.”

आज माझगावच्या सी यूप कून मंदिरात हे कानावर पडलं. १९१९ चं हे छोटंसं देऊळ, दक्षिण चीनमधून आलेल्या कँटोनीज लोकांनी बांधलेलं. मुंबईतल्या कित्येकांना पत्ताच नाही.

बाईंनी उदबत्त्या पेटवल्या, क्वान कुंग देवापुढे वाकल्या, मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, “पणजोबा बोटीने आले होते. मला चीनचं काही ठाऊक नाही. देवाशी तेवढं कँटोनीजमध्ये बोलते. आजीने शिकवलं तेवढंच येतं.”

गृहस्थ समाधानाने हसले. हवं ते उत्तर मिळालं ना!

त्यांनी साधाच प्रश्न विचारला असेल. पण १९६२ च्या युद्धानंतर ‘मूळचे चिनी’ म्हणून सुमारे ३,००० जणांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोराबाळांनाही. बरेचसे आसाम-बंगालचे. पुढे कित्येक जण कॅनडाला निघून गेले, आणि तिथे ‘इंडियन’ ठरले!

माझा भाचा न्यू जर्सीत जन्मला. त्यालाही शाळेत मूळ गाव विचारतात म्हणे. काय सांगत असेल तो?