थैलीतली मूठ

स्मरणिका समितीच्या बाईंचा फोन आला, "पाळकसाहेब, शाळेनं तुमच्यावर केलेल्या संस्कारांवर दोन पानं द्या." हो म्हणालो आणि महिनाभर अडून बसलो. कारण शाळेतल्या संस्कारांचा म्हणून जो प्रसंग मी तीस वर्षं चर्चमधल्या उपदेशात सांगत आलो, तो मी सांगतो तसा घडलेलाच नाही.

बहुतेक पाळकांकडे दाखल्यांची एक वही असते. माझी निळ्या पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. 'क्षमा', 'चिकाटी', 'खरेपणा' अशी पानं पाडलेली. सेवेच्या पहिल्या वर्षांत मी इंग्रजी पुस्तकांतून तीत भराभर उतरवून घ्यायचो. नेवाशाकडच्या खेड्यात, ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही अशा मंडळीला वादळात सापडलेल्या जहाजाच्या कप्तानाची गोष्ट सांगत होतो. पुढच्या बाकावरचे आजोबा छान झोपले. मग जवळचे दाखले शोधायला लागलो. इंग्रज मिशनरी विल्यम केरी मूळचा चांभारकाम करणारा. 1811 साली त्याच्या बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला, आणि 11 मार्च 1812 च्या आगीत तो छापखानाच जळाला. कागद, छपाईचे खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं, सगळ्याची राख. राखेत सापडलेल्या वितळलेल्या धातूचेच पुन्हा खिळे पाडले आणि काम सुरू केलं. हे सांगितलं की माना वर होतात. केडगावच्या पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की बायका सावरून बसतात. हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करायचं आणि ते त्यांच्या 'मुक्ती' आश्रमातल्या बायकांच्याच हातून छापून घ्यायचं, यात चिकाटीचे दहा उपदेश निघतात.

'खरेपणा'च्या पानावर मात्र पहिला होता जॉर्ज वॉशिंग्टन. लहानपणी त्यानं वडिलांचं चेरीचं झाड कुऱ्हाडीनं तोडलं आणि विचारल्यावर खोटं बोलला नाही, ती गोष्ट. आमच्या मंडळीसाठी मी चेरीचं जांभूळ करून टाकलं होतं. पुढं वाचनात आलं की ही गोष्ट वीम्स नावाच्या माणसानं वॉशिंग्टनच्या चरित्राच्या 1806 च्या आवृत्तीत घातली, आणि तिला कसलाच पुरावा नाही. हा वीम्स कोण, तर धर्मोपदेशक! खरेपणाचा दाखलाच बनावट, आणि बनवणारा आमच्याच पेशातला. पोटभर हसलो. मग पान उलटलं, तर पुढचा दाखला माझा होता.

1972 चं साल. दुष्काळ. बोर्डिंगात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची लालसर भाकरी, ती गार झाली की चामड्यासारखी. रविवारी उपासनेला निघताना प्रत्येक मुलाच्या तळहातावर दानासाठी पाच पैसे ठेवले जात. चौकोनी, ॲल्युमिनियमचं नाणं, फुंकर मारली तर उडेल असं. रविवारच्या शब्बाथशाळेत बायबलातल्या गरीब विधवेनं दान केलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन बारीक नाण्यांचा धडा पाठ होता, पण चर्चच्या फाटकाबाहेर पाच पैशांत खारे दाणे मिळत हेही पाठ होतं. जांभळ्या मखमलीची थैली समोर आली की मी मूठ आत घालायचो, जरा हलवायचो आणि बाहेर काढायचो. नाणं मुठीतच. मखमलीत पडलेल्या नाण्याचा आवाज होत नाही, त्यामुळं कुणाला कळायचं कारण नव्हतं.

थैली फिरवायचे ते शाळेची घंटा वाजवणारे मामा. एका रविवारी त्यांनी मला घंटेच्या दोराजवळ थांबवलं. "पोरा, समद्यांचा हात मुठीनं आत जातो आन् उघडा बाहीर येतो. तुझा मुठीनं जातो, आन् मुठीनंच येतो." एवढंच बोलले आणि पाण्याची बादली उचलून गेले. सुपरिंटेंडेंट सरांना सांगितलं नाही. मला पुन्हा विचारलंही नाही.

माझ्या उपदेशातला मुलगा इथं रडतो. पळत जाऊन वेदीसमोर नाणं ठेवतो, सगळ्यांसमोर कबूल करतो. बायका डोळे पुसतात. खरं काय झालं? पुढच्या रविवारी मी जागा बदलून डावीकडच्या बाकावर बसलो. तिकडची थैली चर्चच्या एका म्हाताऱ्या पंचांकडं असायची आणि त्यांना धड दिसत नसे. वार्षिक परीक्षेपर्यंत दाणे चालू. मागं एकदा हिशेब केला, पंचवीसेक रविवार धरले तर सव्वा रुपया होतो. म्हणजे नेमका दक्षिणेचा आकडा! तो फेडायचा म्हटलं तर मामा नाहीत, आणि ते नाणंही 2011 साली चलनातून गेलं.

दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका चर्चच्या मंडळीत पाहुणा म्हणून हीच गोष्ट रंगवून सांगितली. दाराशी हात मिळवताना एक टक्कल पडलेला गृहस्थ "सलाम" म्हणाला आणि त्यानं माझा हात सोडलाच नाही. बोर्डिंगातला माझा शेजारी!

"तो पोरगा रडला कधी रे? तू तर डावीकडं सरकलास."

"तुला कसं आठवतं?"

"तुझ्या जागेवर मी आलो ना. तिसऱ्याच रविवारी मामांनी मलाही दोराजवळ थांबवलं. तेच वाक्य, शब्दाला शब्द."

"मग?"

"मग घालायला लागलो पैसे. आणि फाटकाबाहेर तुझं तोंड चालू असायचं ते बघत उभा राहायचो."

घरी येऊन वहीतला रडणारा मुलगा खोडला. गेल्या नाताळच्या आधी गावच्या मंडळीत गोष्ट घडली तशी सांगितली. बाक बदलला, दाणे खाल्ले, सव्वा रुपया, सगळं. कुणी डोळे पुसले नाहीत. मागच्या बाकावरची दोन पोरं एकमेकांकडं बघून खुदकन हसली. बाहेर पडताना एक आजी थांबल्या आणि म्हणाल्या, "पाळकबाबा, आधीची बरी व्हती. तिच्यात पोरगं रडायचं."