शाकाचा पुतण्या

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा राजा म्हटलं की सगळे थेट शाकावर जातात. शाका मोठाच, वादच नाही, पण मला विचाराल तर राजा म्हणून जास्त बघण्यासारखा माणूस म्हणजे त्याचा पुतण्या सेत्श्वायो, कारण शाकाला लढायचं होतं मुख्यतः आजूबाजूच्या टोळ्यांशी आणि याच्या दारात उभे राहिले इंग्रज, तेही ऐन भरातले.

संतबिंत नव्हता हां. 1856 ला तुगेला नदीकाठी सावत्र भाऊ म्बुयाझीला आणि त्याच्या माणसांना बायकापोरांसकट कापून काढलं तेव्हा कुठे वारसा पक्का झाला. बाप म्पांदे 1872 पर्यंत गादीवर होता पण कारभार बराचसा याच्याच हातात.

ताकद सगळी फौजेत. एका वयाची पोरं एका रेजिमेंटमध्ये, आणि राजाने हो म्हटल्याशिवाय त्यांनी लग्न करायचं नाही! इंग्रजांना नेमकी हीच व्यवस्था खुपत होती.

आता यात आपल्या ओळखीचा एक माणूस येतो, सर बार्टल फ्रिअर. हो तोच, 1862 ते 67 मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली, आणि त्याच्याही आधी साताऱ्याला रेसिडेंट. 1877 ला हा दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजांच्या केप वसाहतीत हाय कमिशनर म्हणून पोचला. झुलू आणि शेजारचं ट्रान्सवाल यांच्या सीमेच्या भांडणात इंग्रजांच्याच कमिशनने कौल दिला झुलूंच्या बाजूने, तर या पठ्ठ्याने 11 डिसेंबर 1878 ला तो कौल ऐकवला आणि त्याच बैठकीत अल्टिमेटम पण हातात ठेवला, की तीस दिवसांत फौज मोडा. कुठला राजा ऐकेल? लंडनला युद्ध नको होतं, पण पत्र यायला आठवडे लागायचे आणि तोवर याचं सैन्य नदी ओलांडून मोकळं.

सेत्श्वायोने फौजेला सांगितलं, दमाने जा, दमून पोचू नका, आणि आपली हद्द ओलांडून शेजारच्या इंग्रजांच्या नाताळ वसाहतीत शिरू नका. सेनापती न्त्शिंग्वायो, वय सत्तरीच्या आसपास, तरी फौजेबरोबर पायी. इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याशी इंग्रजांची छावणी, आणि जवळच्या खोऱ्यात झुलूंची वीसेक हजार माणसं अजिबात आवाज न करता बसलेली, हल्ला त्या दिवशी करायचाच नव्हता. तेवढ्यात गुरांच्या मागे आलेले इंग्रजांचे घोडेस्वार खोऱ्याच्या काठावर आले, खाली बघतात तर माणसंच माणसं. मग कोण थांबतंय! 22 जानेवारी 1879. संध्याकाळपर्यंत इंग्रजांच्या बाजूचे तेराशेवर मेले, झुलूही हजाराच्या आसपास गेले, आणि बंदुका असलेली छावणी मुख्यतः भाल्यांनी साफ झाली.

आणि इथेच मला हा माणूस आवडतो. नाताळ त्या वेळी उघडं पडलं होतं, घुसला असता तर हाहाकार उडाला असता, पण हा थांबला. त्याचा भाऊ दाबुलामांझी हुकूम मोडून नदीपलीकडे रोर्क्स ड्रिफ्टच्या इंग्रज ठाण्यावर गेला आणि मार खाऊन आला, ते सोडा. राजाचा हिशोब साधा होता, आपण फक्त घर राखतोय हे दिसलं तर बोलणी होतील. भाबडेपणा म्हणा हवं तर. मला तो भाबडेपणा वाटत नाही, कारण इंग्रजांच्या मागे अजून किती सैन्य आहे याचा त्याला अंदाज होता. फक्त एवढा मोठा विजय मिळाल्यावर इंग्रज बोलणी करणार नाहीत, नाक कापलं गेलंय ना, हे त्याच्या हिशोबात बसलं नाही.

4 जुलैला इंग्रजांनी त्याची राजधानी उलुंदी जाळली, ऑगस्टअखेर राजा जंगलात पकडला गेला, केप टाउनला कैद. राज्याचे तेरा तुकडे केले. इकडे फ्रिअरला 1880 ला परत बोलावलं, बस्स, शिक्षा म्हणायची तर एवढीच.

1882 ला सेत्श्वायो लंडनला गेला, सुटाबुटात, व्हिक्टोरिया राणीला भेटला, आणि ज्या लोकांनी पेपरात त्याला राक्षस म्हणून वाचलं होतं तेच रस्त्यावर गर्दी करून जयजयकार करत होते. राज्य परत मिळालं, पण कातरलेलं, आणि शेजारी जानी दुश्मन, झुलू सरदार झिभेभू. 1883 ला त्याने राजधानी पुन्हा जाळली. फेब्रुवारी 1884 ला एशोवेला राजा गेला, डॉक्टरला विषाचा संशय होता पण घरच्यांनी शरीर उघडू दिलं नाही. मागे पोरगा दिनुझुलू, जेमतेम पंधरा-सोळाचा, त्यालाही पुढे अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर धाडलं. त्याच्यावर परत कधीतरी लिहीन.